मागचा पडदा कुणी निवडायचा?

नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागलं की केडगावची रेणुकामाता जवळ आली हे नवरात्रात देवळाआधी दुकानं सांगतात. नारळ, खण, ओटीचं सामान, हळदकुंकवाच्या राशी आणि त्यांना लागून मांडलेल्या देवीच्या तसबिरी. केडगाव आता महापालिकेत आहे, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण नऊ दिवसांची ही मांडामांड जुन्याच वळणाची आहे. देवळांबाहेर विकायला ठेवलेल्या अशा तसबिरींकडे थोडं थांबून पाहावं. देवीच्या मुखवट्यामागे कुठे सोनेरी किरणांचं चक्र असतं, कुठे हिरवा डोंगर आणि धबधबा, कुठे कमळांनी भरलेलं तळं. गाभाऱ्यात धबधबा नसतो. तरी तसबीर विकत घेणाऱ्या बाईला आपण काही खोटं घरी नेतो आहोत असं वाटत नाही, आणि तिचं बरोबर आहे. देवीच्या मनात डोंगर-पाणी असणारच, ते चित्रकाराने तिच्यामागे आणून ठेवलं, एवढंच.

आपल्याकडच्या जत्रांतला फोटोवाला हेच काम माणसांसाठी करत असे. ताजमहाल रंगवलेला कापडी पडदा, पुठ्ठ्याचं विमान, लाकडी मोटारसायकल. हंगाम आटोपून आलेलं जोडपं त्या विमानात बसायचं, फोटो निघायचा, आणि तो वर्षानुवर्षं घराच्या भिंतीवर राहायचा. पाहुण्यांनी तो पाहिला, मुलांनी पाहिला, कुणी त्याला बनावट म्हटलं नाही. विमान पुठ्ठ्याचं होतं. विमानात बसायची इच्छा पुठ्ठ्याची नव्हती, आणि फोटोत उतरायची ती ही इच्छाच.

या अंकासाठी संपादकांनी ‘चेहरा’ हा विषय दिला, तेव्हा त्या पडद्याची आणि एका दृश्यकलाकाराची आठवण एकदमच होणं साहजिक होतं. तेजल शाह यांची छायाचित्रं मुंबईत घडली, देशोदेशीच्या कलादालनांत गेली, आणि मराठी वाचकापर्यंत जवळजवळ आलीच नाहीत. त्या छायाचित्रांच्या निमित्ताने एक मुद्दा मांडायचा आहे. फोटो रचून काढला की नकळत टिपला, यावरून त्याचा खरेपणा ठरत नाही. ज्याचा फोटो आहे त्याच्यामागचा पडदा कुणी निवडला, यावरून तो ठरतो.

चंद्राला हात लावणारी यशोदा

तेजल शाह यांचा जन्म १९७९ सालचा, भिलाईचा. छायाचित्रणाचं शिक्षण त्यांनी ऑस्ट्रेलियात मेलबर्नला घेतलं आणि मग मुंबईत काम सुरू केलं. पुरुष आणि बाई या दोन खणांत न मावणाऱ्या आयुष्यांना आज ‘क्विअर’ म्हटलं जातं. शाह यांचं सगळं काम त्या आयुष्यांच्या आतून आलेलं आहे. २००० साली अनुज वैद्य यांच्यासोबत त्यांनी ‘चिंगारी चुम्मा’ नावाची छोटी फिल्म केली. खलनायक आणि त्याने बांधून ठेवलेली नायिका हा हिंदी सिनेमातला घासून गुळगुळीत झालेला प्रसंग तिच्यात असा उलटापालटा होतो की नेमकी कुणाची सुटका व्हायला हवी हेच पाहणाऱ्याला कळेनासं होतं. २००३ साली मुंबईत ‘लरजिश’ हा लैंगिकतेच्या आणि लिंगभावाच्या वैविध्यावरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. तो उभा करणाऱ्यांत शाह होते. भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ तेव्हा पूर्ण ताकदीनिशी लागू होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे या धाडसाचं वजन कळतं.

२००६ साली त्यांनी जी छायाचित्रमाला केली तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘हिजड्यांची स्वप्नमाला’. कामाची रीत साधी आणि चिवट होती. ओळखीच्या हिजडा मैत्रिणींशी बोलायचं, तुला स्वतःला कसं पाहायला आवडेल ते विचारायचं, आणि उत्तर येईल ते उभं करायचं: कपडे, दागिने, रंगभूषा, देखावा, उजेड. एकीला दाक्षिणात्य सिनेमाची नायिका व्हायचं होतं, रुबाबदार नायकाच्या मिठीतली. एकीला क्लिओपात्रा व्हायचं होतं, शेक्सपिअरच्या नाटकात राजनौकेतून येते ती. आणि एकीला आई व्हायचं होतं. तिच्यासाठी राजा रविवर्म्याच्या यशोदा-कृष्णाचा आधार घेतला गेला. ती यशोदेच्या साजात बसली आहे, सोबत बाळकृष्ण आहे, आणि चित्राचं नाव सांगतं की तुलाही चंद्राला हात लावता येईल. आपल्याकडे चंद्राचा हट्ट रामाच्या नावावर जास्त सांगतात. मराठी बघणाऱ्याला त्यामुळे इथे क्षणभर दोन्ही बाळं एकत्र आठवतात. पण हट्ट इथे बाळाचा नाहीच, आईचा आहे. मूल होणं जिच्या बाबतीत अशक्य मानलं गेलं, तिने मागितलेला हा चंद्र आहे.

हे काम फिल्म करणाऱ्या माणसाचं आहे हे प्रत्येक फोटोत जाणवतं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे दिग्दर्शक जॉन वॉटर्स, सभ्यतेच्या सगळ्या मर्यादा मोडणाऱ्या चित्रपटांसाठी ओळखले जाणारे, १९९२ पासून टीव्हीच्या पडद्यावर चाललेल्या सिनेमांचेच फोटो काढतात आणि ते ओळीने लावून नवा, छोटा सिनेमा बनवतात. वॉटर्स तयार सिनेमातून फोटो काढतात. शाह जो सिनेमा कुणीच बनवणार नव्हतं त्याचा एकच फोटो बनवतात. नायकाच्या मिठीतल्या त्या नायिकेकडे पाहताना आधीचं गाणं आणि नंतरचा विरह आपोआप मनात सुरू होतो. तीन तासांचा सिनेमा तिला कुणी दिला नाही. तो एका चौकटीत मावेल अशी सोय मात्र झाली.

नोंदवहीतला चेहरा

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हिजड्यांचं आयुष्य खडतर आहे. घरातून हाकलणं, पोलिसांचा जाच, सिग्नलवरची मागणी, आजार, सगळंच. ते जसं आहे तसं दाखवायचं सोडून राजनौका आणि दागिने कशाला? रचलेल्या सौंदर्याने वास्तव झाकलं जात नाही का?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: की ‘जसं आहे तसं’ टिपणारा कॅमेरा या माणसांच्या बाबतीत कधी तटस्थ होता. मुंबईत छायाचित्रणाची संस्था १८५४ साली निघाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, विल्यम जॉन्सन, यांनी १८६३ आणि १८६६ साली मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. शहरातल्या भाटियांपासून मुसलमानांपर्यंत सगळे त्यात आहेत. पण त्यातल्या बऱ्याच चित्रांत माणसं एका जागी टिपलेली आणि मागचा देखावा दुसरीकडून घेऊन चिकटवलेला आहे. म्हणजे ‘हे लोक असे असतात’ असं ठासून सांगणारं हे शास्त्रीय म्हणवणारं पुस्तकसुद्धा रचलेलंच होतं. फरक एवढाच की पडदा जॉन्सनसाहेबांनी निवडला होता, पुढे उभ्या असलेल्या माणसाने नव्हे. पुढे ‘भारताचे लोक’ हा आठ खंडांचा सरकारी प्रकल्प १८६८ ते १८७५ या काळात निघाला. माणसाला ओळखता यावं, वर्गात बसवता यावं आणि गरज पडली तर पकडता यावं, यासाठी चेहरे जमा करण्याचा हा काळ होता.

त्याच काळात, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याचा दुसरा भाग खास हिजड्यांसाठी होता. संशयितांची नोंदवही ठेवायची. नोंद झालेल्या माणसाने बाईच्या कपड्यांत चारचौघांना दिसेल असं वावरलं, नाचलं किंवा वाजवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. हा भाग प्रामुख्याने वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात लागू होता आणि १९११ साली गेला, पण त्याने सरकारी नजरेला लावलेलं वळण गेलं नाही. साडी नेसून रस्त्यावर ‘दिसणं’ हाच जिथे गुन्हा होता, तिथे साडी, दागिने, फुलं यांनी सजून कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बसणं ही वास्तवापासून पळवाट म्हणता येणार नाही. त्या नोंदवहीला दिलेलं ते उत्तर आहे.

दस्तावेजी छायाचित्रणाला यामुळे कमी लेखायचं कारण नाही. मेरी एलन मार्क यांनी मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत काढलेली रंगीत छायाचित्रं १९८१ साली पुस्तकरूपात आली, त्यांत कोरडेपणा नाही. दयानिता सिंग यांनी दिल्लीच्या हिजडा मोना अहमद यांच्याशी वर्षानुवर्षं मैत्री ठेवून ‘मायसेल्फ मोना अहमद’ हे पुस्तक २००१ साली केलं आणि त्यात मोना यांचे स्वतःचे शब्द ठेवले. मोना यांचं आयुष्य त्या पुस्तकात सोसण्यासकट येतं आणि त्यांच्या आवाजातही येतं. तरीही तिथे छायाचित्रकार जे घडतं त्याची वाट पाहतो. जे घडलं नाही, घडू दिलं गेलं नाही, ते त्या रीतीच्या हाताला लागत नाही. माणसाच्या वास्तवात त्याला नाकारलेल्या गोष्टीही येतात, आणि त्या दाखवायच्या तर रचनेशिवाय मार्ग नाही.

मळवली, ग्रँट रोड आणि गंधर्व

दुसरा आक्षेप आपल्या भागात जास्त ऐकू येतो: हे सगळं बाहेरून आलेलं आहे, परदेशी शिकून आलेल्यांचं खूळ आहे. याला उत्तर द्यायला यशोदेचा तो फोटोच पुरे, कारण त्याची मुळं महाराष्ट्रातल्या छापखान्यात आहेत. रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, मोहिनी घराघरांत पोचल्या. नगर जिल्ह्यातल्या ज्या देवघरांत आज रेणुकेची तसबीर आहे, तिथे देवांची छापील चित्रं लावायची सवय त्या छापखान्याच्या पिढीने घातली. आणि त्या देवी कशा घडल्या? मॉडेल समोर बसवून, दागिने-वस्त्रं घालून, उजेड पाडून, नाटकाच्या पडद्यासारखा देखावा मागे ठेवून. शाह यांनी २००६ साली नेमकं हेच केलं.

त्या छापखान्यात काही काळ काम केलेला एक माणूस धुंडिराज गोविंद फाळके. त्याआधी गोध्र्याला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते. आपल्या सिनेमाच्या उगमापाशीच एकाच देहाने दोन्ही वेश घेतले आहेत, आणि ते पाहायला लोकांनी रांगा लावल्या. रंगभूमीवर त्याच काळात बालगंधर्वांचं राज्य होतं. १९११ चं ‘मानापमान’, १९१६ चं ‘स्वयंवर’, १९१९ चं ‘एकच प्याला’. भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांची छायाचित्रं आजही पाहावीत: मानेचा कल, पदर सावरणारी बोटं, अंबाड्यातला गजरा. प्रतिष्ठित घरांतल्या बाया नेसणं-सजणं त्यांच्याकडून उचलत, हे मराठी माणूस अभिमानाने सांगतो. बाई कशी असावी हे एका पुरुषाच्या फोटोवरून शिकणारा हा समाज आहे.

इथे प्रामाणिक राहायला हवं. बालगंधर्व संसारी गृहस्थ होते, त्यांची स्त्री-भूमिका ही कला होती, आणि त्यांच्यावर आजची ओळख चिकटवणं हा जॉन्सनसाहेबांसारखाच प्रकार होईल. नाटकातला पुरुष प्रयोग संपला की रंग उतरवतो. हिजड्याला उतरवायला काही नसतं, आणि समाजाने दोघांशी केलेलं वर्तन जमीन-अस्मानाइतकं वेगळं आहे. मुद्दा एवढाच आहे की वेश, रंगभूषा आणि पडदा यांच्या साहाय्याने देहाची ठरलेली सीमा ओलांडणं आणि ते कौतुकाने पाहणं ही मराठी नजरेची जुनी सवय आहे. तमाशातल्या नाच्याला हसून झालं, देवीच्या जोगत्याला जोगवा वाढून झाला. यल्लमा-रेणुकेच्या नावाने पुरुषाला साडी नेसवण्याची सौंदत्तीकडची रीत पश्चिम महाराष्ट्रात परकी नाही. राजीव पाटील यांच्या २००९ च्या ‘जोगवा’ने तिच्यातली जबरदस्ती आणि तिच्यातलं माणूसपण दोन्ही मराठी पडद्यावर आणलं. सवय जुनी आहे, अडते ती एका ठिकाणी. रंग देवासाठी किंवा तिकिटासाठी लावला तर चालतो. माणसाने तो स्वतःसाठी लावला की नजर फिरते.

स्वप्नं इतकी साधी का?

तिसरा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींकडून येतो आणि तो सगळ्यांत अवघड आहे. आई, नायिका, सौंदर्यवती राणी: या तर पुरुषी समाजाने बाईसाठी आखलेल्या जागा. बायका त्यांतून बाहेर पडायला धडपडत असताना या स्वप्नांना सजवून पुढे का आणायचं?

एक तर, घरातून बाहेर पडायचा हक्क ज्याला मिळाला तो घर नाकारू शकतो. ज्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलंच नाही त्याच्या तोंडी नकार घालणं अन्याय आहे. मातृत्व हे एका बाईवर लादलेलं ओझं असेल, आणि दुसरीला कायमचा बंद असलेला दरवाजा. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. दुसरं असं की सोवळी प्रतिमा अनपेक्षित देहावर आली की ती जशीच्या तशी राहत नाही. यशोदा तर देवकीच्या मुलाची आई. त्याला जन्म न देता त्याची आई झालेली ती आपल्या पुराणातली सगळ्यांत लाडकी बाई आहे. रविवर्म्याच्या शेकडो प्रतींत हे लक्षात येत नाही, कारण तिथे तिचं आईपण गृहीत धरलेलं असतं. हिजडा यशोदा झाली की एकदम आठवतं, की हिनेही कृष्णाला जन्म न देता त्याचं आईपण मिळवलं होतं. ज्या छापील आदर्शाला आपण डोळे मिटून हार घालत होतो, त्याच्यातच ही जागा होती. ती दाखवायला एक बाहेरचा मानलेला देह लागला.

शाह स्वतः त्या साच्यात अडकून राहिले नाहीत. ‘ट्रान्स’ या त्यांच्या २००४-०५ च्या जोड-व्हिडिओत त्यांच्यासोबत ब्राझीलचे कलाकार मार्को पाउलो रोला आहेत. दाढी आणि रंगभूषा यांची अदलाबदल होत होत पुरुष कुठे संपला हे बोट ठेवून सांगता येत नाही. पुढे त्यांनी पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातली एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रं घेतली. तिथे डॉ. शार्को यांच्या देखरेखीखाली ‘हिस्टेरिया’च्या बायकांचे झटके टिपून त्यांची सूची छापली जात होती. शाह यांनी ते आविर्भाव नव्याने उभे करून टिपले. रोगाचं लक्षण म्हणून नोंदलेली मुद्रा कॅमेऱ्यासाठी उभारलेली मुद्राही होती, हे त्यातून उघड होतं. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात त्यांची ‘बिटवीन द वेव्ह्ज’ ही अनेक पडद्यांची कलाकृती होती. शिंग असलेले, ना नर ना मादी असे जीव त्यात कचऱ्याच्या डोंगरांत आणि पाण्याकाठी वावरतात. इथे स्वप्न साधं राहिलेलं नाही. ज्यांना अशी चित्रं ‘सुंदर’ वाटत नाहीत त्यांनी आधीची यशोदा पुन्हा पाहावी. शिंग तिलाही आहे, फक्त मुकुटाखाली.

दालनाचं दार

चौथ्या आक्षेपाला मात्र मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. ही छायाचित्रं कलादालनात लागतात, संग्राहक ती विकत घेतात, आणि सही कलाकाराची असते. स्वप्न दिलं एकीने, ओळखलं गेलं दुसऱ्याचं नाव. मुंबईत इंग्रजीतून बोलता येणारा कलाकार आणि टाळी वाजवून पोट भरणारी मैत्रीण यांच्यातली दरी एका सुंदर फोटोने बुजत नाही. शाह यांच्या कामात बसणारीची निवड केंद्रस्थानी आहे, म्हणून ही दरी अरुंद झाली, इतपत मान्य करता येतं. पण निवडीचा अधिकार आणि मालकीचा अधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जत्रेतल्या पडद्यापुढचं जोडपं तरी आपला फोटो घरी घेऊन जात होतं.

हा दोष कलेच्या रीतीचा नाही, तिच्या वाटांचा आहे. रविवर्म्याच्या तैलचित्रांची जागाही राजवाड्यांतच होती. शिळाछापाने ती चार आण्यांच्या बाजारात आणली म्हणून आज केडगावच्या रस्त्यावर देवीची चौकट मिळते. स्वप्नमालेला असा छापखाना मिळाला नाही.

कलेक्टर कचेरीतला फोटो

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना आपली ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार दिला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांवरून कलम ३७७ ची टाच उठवली. २०१९ च्या कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी त्या ओळखीला प्रमाणपत्राची वाट आखून दिली. केडगावात राहणाऱ्या व्यक्तीसाठी ती वाट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. अर्ज, प्रतिज्ञापत्र, आणि हाती येणारं ओळखपत्र, त्यावर फोटो. या कागदाची गरज खरी आहे. त्याच्याशिवाय रेशन, घरकुल, दवाखाना सगळीकडे अडतं. पण तो फोटो पुन्हा नोंदवहीतलाच: मागे कोरी भिंत, समोर बघ, हसू नको. दीडशे वर्षांपूर्वी शिक्षेसाठी मागितलेला चेहरा आज हक्कासाठी मागितला जातो. हा बदल फार मोठा आहे. पडदा मात्र अजून कचेरीचाच आहे.

दुसरीकडे मोबाइलने फोटोवाल्याचा पडदा गुंडाळून ठेवला. नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग नेसून, कपाळी मळवट भरून, पाठीमागे हवा तो देखावा आणि हवं ते गाणं लावून कितीतरी तृतीयपंथी तरुण आपापली रील टाकतात. स्वप्न, दिग्दर्शन, मालकी तिन्ही एकाच हातात. शाह यांनी ज्यासाठी देखावा, दिवे आणि रंगभूषा जमवली, ते आज फोनच्या एका बटणावर आहे, आणि खाली जमणाऱ्या शिव्याही. त्या रील दोन दिवसांत खाली सरकतात, कधी भीतीने काढून टाकल्या जातात. भिंतीवर काही लागत नाही. दुकानात चौकटी तयार असतात, काच, पुठ्ठा, सोनेरी पट्टी आणि मागे टांगायची कडी. कुणीतरी आपला फोटो घेऊन यायचा आहे.